इंजिन थोरल्याकडे, चेसिस धाकट्याकडे

वाटणी करायला आलेल्या शहाण्यांनी गॅरेजच्या मधोमध खडूची रेघ मारली, त्या दिवशी मोटरसायकल पोटातलं सगळं बाहेर काढून पडलेली होती. डाव्या भिंतीशी रॉकेलच्या परातीत इंजिन. उजव्या भिंतीशी दोन विटांवर चेसिस, पुढचं चाक लावलेलं, मागचं नुसतं टेकवलेलं. पेट्रोलची टाकी खिळ्याला टांगलेली. वकिलाने मामांकडे पाहिलं, मामांनी रेघेकडे पाहिलं, आणि वकील म्हणाला, "अलीकडचं ते थोरल्यांचं, पलीकडचं ते धाकट्यांचं. उगाच एकेका पान्यावरून घोळ नको."

झालं. इंजिन थोरल्याकडे गेलं, चेसिस धाकट्याकडे. माणसाची अशी वाटणी केली असती तर तिला खून म्हणाले असते. मोटरसायकलची केली म्हणून तडजोड म्हणाले, आणि वर चहा प्याले.

मधली बहीण गॅरेजच्या दारात उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. तिने आपला हक्क आधीच सोडून दिला होता. "बहिणीचं मन मोठं हो," असं मामा चारचौघांत म्हणाले. मन मोठं वगैरे काही नव्हतं. सही कर, सही कर म्हणून दोन्ही बाजूंनी इतकी भुणभुण लावली होती की तिने वैतागून पेन उचललं. मन मोठं आहे असं एकदा म्हटलं की खोली लहान दिली तरी चालते, आणि दिलीच नाही तर फारच उत्तम.

भांडण कशावरून? गच्चीवरच्या टाकीचा कॉक कोणी उघडा ठेवला यावरून. लोकांनी नेहमीप्रमाणे बायकांवर ढकललं. साफ खोटं. थोरल्याची बायको आणि धाकट्याची बायको वाटणीनंतरही भिंतीवरून एकमेकींकडे साखर मागत होत्या, एकमेकींच्या पोरांना जेवू घालत होत्या. भांडले ते हे दोन घोडे. कॉक बंद करायला दोन बोटं लागतात. यांनी त्यासाठी वकील लावला.

मोटरसायकल बाबांची. बाबा बस डेपोत फिटर होते. ते गेल्यावर गाडी कितीतरी दिवस कोपऱ्यात तशीच पडून राहिली, इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं. मग एका रविवारी थोरल्याने तिच्यावरचं पोतं काढलं आणि म्हणाला, "उघडायची का?" तो कारखान्यात फिटर, बाबांचाच हात. धाकटा डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा, त्याला रंग आणि पत्र्याची आवड. आणि मधली मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला. पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार उपसून काढायची, नवी तार वेढ्यांवर वेढे देऊन बसवायची, हे तिचं रोजचं काम. तेव्हापासून तिघांचे रविवार गॅरेजमध्ये जाऊ लागले.

गाडी लवकर का होत नव्हती? सुटे भाग मिळत नव्हते हे एक. आणि कोणाला घाई नव्हती हे खरं. थोरल्याचा एक नियम होता: काढलेला बोल्ट डब्यात टाकायचा नाही, ज्या भोकातून निघाला त्याच भोकात हाताने दोन आटे फिरवून ठेवायचा. "भोकाला आपला बोल्ट ठाऊक असतो," म्हणायचा. धाकटा हसायचा, आणि तोच नियम पाळायचा.

मधलीला ते रविवार का हवे होते, हे सांगायलाच हवं. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जिथे जाईल तिथे माणसं चेहऱ्यावर दुःख चढवून विचारायची, "काय गं, काय झालं एवढं?" गॅरेजमध्ये कोणी विचारलं नाही. तिथे "बारा-तेराचा पाना दे" म्हणायचे आणि ती द्यायची. थोरला तिला "वायरमन" म्हणायचा. "ए वायरमन, ही काळी कुठली आणि पांढरी कुठली?" तिघांच्या नखांत एकच काळं असायचं. संध्याकाळी तिघं एकाच नळावर, कपडे धुवायच्या पावडरीत वाळू मिसळून हात घासायचे आणि काळं निघत नाही म्हणून त्याच त्या शिव्या द्यायचे. सुख सुख म्हणतात ते एवढंच होतं, आणि ते तिला पुरत होतं.

रेघेच्या जागी थोरल्याने विटांची भिंत घातली. गॅरेजला दोन शटरं झाली. आता एकाकडे आवाज करणारी वस्तू होती, दुसऱ्याकडे धावणारी. थोरल्याकडे इंजिन, पण कार्ब्युरेटर नाही. तो पलीकडच्या फळीवर राहिला. धाकट्याकडे टाकी, चेन, दिवा, हँडल, आणि मधे भलंमोठं भोक.

आणि एक वस्तू रेघेच्या कुठल्याच बाजूला नव्हती. मॅग्नेटची कॉइल. किक मारल्यावर जिथे ठिणगीची वीज तयार होते ती. जुनी जळाली होती म्हणून मधलीने ती दुकानात नेली होती, नवी तार भरायला. वाटणी झाली तेव्हा ती तिच्या टेबलावर अर्धी गुंडाळलेली होती. तिने ती पुरी केली, वार्निश दिलं, भाजली, मेणकागदात बांधली आणि दुकानामागच्या आपल्या भाड्याच्या खोलीत कपड्यांखाली ठेवली. हा तिचा वाटा. कोणी दिला नव्हता, म्हणून कोणी परत मागणार नव्हतं.

पुढचे सगळे रविवार तिने ये-जा करण्यात घालवले. आधी थोरल्याकडे चहा, मग धाकट्याकडे चहा. पुढच्या रविवारी उलटं, नाहीतर त्यावरूनही तोंडं फुगायची. थोरला शटर अर्धं ओढून स्टुलावर बसलेला असायचा. प्लगच्या भोकातून इंजिनात थोडं तेल सोडायचा आणि हाताने किक फिरवायचा. खर्र, खट्. खर्र, खट्. जाम होऊ नये म्हणून, म्हणायचा. भिंतीपलीकडे धाकटा काहीतरी घासत असेल तर त्या आवाजाला त्याचे हात थांबायचे. मधलीने ते कितीदा पाहिलं होतं.

"तिकडे काय चाललंय?" थोरला विचारायचा.

"जाऊन बघ की."

"मला काय पडलंय."

आणि भिंतीपलीकडे, "दादा काय करत होता गं ताई?"

"विचार की त्याला."

"मला काय करायचंय."

असं चाललं होतं. वर्षं गेली. मूर्खपणात वर्षं फार झपाट्याने जातात.

मग थोरल्या वहिनीने एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं, थोरल्याने आपला हिस्सा विकला. लेकीकडे जाऊन राहणार, तिच्या गावाला. घेणारा गॅरेज पाडून तिथे दुकान काढणार होता. ट्रक सोमवारी. "आणि ते इंजिन भंगारवाल्याला द्यायचं म्हणतायत," वहिनी म्हणाली, आणि मधलीकडे न बघता एकच कप दोनदा पुसला.

मधली तडक गॅरेजमध्ये गेली.

"दादा, इंजिन मला दे."

थोरला खोके बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला? काय करणार? गळ्यात घालणार?"

"आजवर तुझ्याकडे काही मागितलं?"

"नाही."

"मग आता मागतेय."

त्याने दोरीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "त्याच्या चेसिसमध्ये घालणार असशील."

"घालणार."

"मग त्याने येऊन मागावं."

"तो मागायचा नाही आणि तू द्यायचा नाहीस. आटे गेलेले नट आहात दोघं. नुसते फिरता, बसत कुठेच नाही." आवाज चढला तिचा, चढू दिला तिने. "बाबांची गाडी भंगारात घालतोस? मग माझ्यादेखत घाल. मी इथे स्टुलावर बसते. तराजूत टाकताना मला बघायचंय तुझं तोंड."

आत वहिनीने भांडं आपटलं. शाबासकी होती ती, थोरल्यालाही कळलं.

"ने," तो म्हणाला. "पण मी उचलून त्याच्या दारात ठेवणार नाही."

"दारात नको. अंगणात ठेव."

अर्धी लढाई जिंकली या तोऱ्यात ती धाकट्याकडे गेली. त्याला सांगितलं. तो खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्याचं तोंड उतरलं. त्याने चेसिसवरची चादर ओढली.

इंजिन जिथे धरलं जातं ते चारही कान कापलेले होते. ग्राइंडरने, सपाट. त्यांच्या जागी पातळ पट्ट्या लावून एक बुटकं, भलतंच इंजिन बसवलेलं.

"हे काय आहे?"

"पंपाचं आहे. शेजारच्यांचं जुनं. एकदा कोपऱ्यापर्यंत गेली गाडी."

"आणि मग?"

"मग ढकलत आणली."

मधली खाली बसली. मग तो राग आला, जो तिने इतकी वर्षं दोन दारांमध्ये चहाबरोबर गिळला होता.

"बाबांच्या गाडीची हाडं कापलीस? गाडी चालवायची होती की विहीर उपसायची होती तुला?"

"राग आला होता ताई."

"राग आला की माणसं ताट आपटतात! दार आपटतात! ग्राइंडर नाही घेत हातात!"

"दादा इंजिन देणारच नव्हता."

"मागितलं होतंस?"

धाकट्याने चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मागितलं होतंस का, एवढंच सांग."

"तो रोज तिकडे खर्र-खट् करत बसायचा," धाकटा म्हणाला, आणि एवढ्या बाप्याचा आवाज पोरासारखा फुटला. "मला ऐकवायला. किती ऐकायचं माणसाने?"

 दोघांनाही एकच दुखत होतं, आणि दोघंही ते एकमेकांच्या कानात ओतत होते. अशा माणसांना थोबाडीत मारावी की कुशीत घ्यावं हे तिला कधीच कळलं नव्हतं.

मग ती वेल्डरकडे गेली. दुकानाच्या ओळीतलाच होता, फाटक आणि खिडक्या करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढून फरशीवर आकृती काढली.

"कान नवे करतो मी. पण नुसत्या मापाने लाइन लागणार नाही, वाकडं बसलं तर चेन उतरेल. इंजिन चेसिसमध्ये उभं करून धरावं लागेल, बोल्ट घालून, आणि तसंच वेल्डिंगचे टाके मारायचे. एकाला जमणार नाही. पुढून एक, मागून एक, आणि बोल्ट सारायला तिसरा. मशीन मी घेऊन येतो रविवारी. पण धरणारे हात तुमचे."

मधलीला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. इतकी वर्षं ती जे निमित्त शोधत होती ते या दाढी वाढलेल्या इसमाने पेन्सिलीने फरशीवर काढून दिलं होतं.

रविवारी अंगणात, दोन शटरांच्या बरोबर मधे, चेसिस विटांवर उभी राहिली, पंपाचं इंजिन काढून. एका शटरातून थोरला इंजिन ढकलगाडीवर घेऊन आला. दुसऱ्यातून धाकटा हात चोळत आला. नव्या कानांसाठी आणलेले लोखंडी तुकडे वेल्डरने मांडले. थोरल्याने कापलेल्या जागा पाहिल्या. ओठ आवळले. मधली मनात म्हणाली, आता बोलला तर हीच वीट डोक्यात घालीन. तो बोलला नाही. त्याने जखमेवर फिरवावा तसा त्या कापल्या जागेवर अंगठा फिरवला आणि इंजिनच्या पुढच्या बाजूला जाऊन वाकला.

"त्याला सांग," तो मधलीला म्हणाला, "मागून वर घे."

"ऐकू आलं मला," धाकटा म्हणाला. "त्याला सांग, आधी स्वतःची डावी बाजू बघ म्हणावं. खाली आहे."

"त्याला सांग, माझी बाजू सरळ आहे, त्याचं बघणं वाकडं आहे."

वेल्डरने काच कपाळावर सरकवली. "अहो, मी कोणाचं ऐकू?"

"माझं," मधली म्हणाली. "हे दोघे बहिरे आहेत. दादा, डावीकडून वर. अजून. बस! धाकट्या, श्वास सोड, पडत नाही ते. धरा आता."

इंजिन दोघांच्या हातांत हवेत होतं. दोघांच्या मानेच्या शिरा ताठलेल्या, दोघांची कपाळं वितीभर अंतरावर, आणि दोघेही एकमेकांच्या डोळ्यांत बघायला नको म्हणून एकाच नटाकडे बघत होते. मधलीने लांब बोल्ट सारला. अर्ध्यात अडकला. रबरी हातोडीने तिने एक टोला दिला, हलकाच. बोल्ट सरकन पलीकडे निघाला. असं सरकन जाणं तिने फार दिवसांत अनुभवलं नव्हतं.

"मारा टाके," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं. उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून, असं समजा.

वेल्डर गेल्यावरही दोघे भाऊ गेले नाहीत. कार्ब्युरेटर लावायचा होता, चेन चढवायची होती, केबली ओढायच्या होत्या. ही कामं करायला माणूस लागतो, आणि माणूस तिथेच होता, एवढंच. निरोप अजून तिच्यामार्फतच चालले होते. मग मधलीने पिशवीतून मेणकागदाची पुडी काढली.

थोरला ती बघतच राहिला. "ही तुझ्याकडे होती? आम्ही इथे किती शोधली."

"शोधली? कधी?"

"असंच," तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर पुसायला लागला. स्वच्छच होता तो.

कॉइल बसली. टाकी चढवण्याआधी शेवटचं काम मधलीचं: कॉइलकडून येणारी वायर टाकीखाली पुढच्या वायरला जोडायची. दोन पितळी टोकं, एक दुसऱ्यात खुपसायचं, वर रबरी टोपी. आंधळ्यानेही करावं असं काम. तिने दोन्ही टोकं हातात घेतली आणि तिला दिसलं की हे जोडलं की एक किक. एका किकेत गाडी सुरू. मग "झाली बुवा एकदाची." मग नळावर हात धुणं, आणि दोन शटरं खाली. उद्या ट्रक.

तिने टोकं टोपीत खुपसली, पण एकमेकांना लागू दिली नाहीत. हे तिने ठरवून केलं म्हणणं खोटं होईल. हातांनी केलं. तिने फक्त हातांना अडवलं नाही.

वर टाकी बसली, आणि धाकट्याने किक मारली. काही नाही. पुन्हा. थोरल्याने मारली. काही नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, दोघे डोळे बारीक करून बघत राहिले. ठिणगी नाही.

"अर्थिंग मिळत नाहीये," थोरला हवेला उद्देशून म्हणाला. "चेसिसला नुसता रंग थापलाय."

"रंग मी खरवडलाय दादा, हे बघ इथे!"

बोलून गेला आणि धाकटा थबकला.  थोरला वाकला. हळूच, गुडघ्यावर हात ठेवून.

"कुठे?"

"हे काय."

"याला खरवडणं म्हणतात? हे तर गोंजारणं झालं."

"आणि तू मॅग्नेटचे पॉइंट घासलेस ते? त्यातून बैल जाईल एवढी फट ठेवलीयस."

"तुझा व्हॅनवाल्याचा डोळा. तुला फाटक आणि फट सारखंच दिसतं."

"दिसेना का! गेज आण आणि घाल."

थोरला गेज आणायला आत पळाला. पळाला, खरंच. पट्टी फटीत घातली. फट बरोबर निघाली, तरी धाकट्याने कबूल केलं नाही. मग त्यांनी कंडेन्सर काढला, प्लगची टोपी बदलली, स्विचच्या वायरी उसकटल्या, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्या अर्थातच एकच होत्या. धाकट्याने पान्यासाठी न बघता हात मागे केला आणि थोरल्याने न विचारता हवा तोच पाना त्याच्या पंजात ठेवला. मधली पायरीवर बसून हे ऐकत होती. उन्हाळलेल्या जमिनीने पाणी प्यावं तसं पीत होती. लाज वाटत होती, तरी पीत होती.

"कॉइल बघायची का एकदा?" धाकट्याने विचारलं.

"तिची कॉइल आहे ती," थोरला म्हणाला. "ती बघायची गरज नाही. तिच्या हातचं काम फसायचं नाही. आपलंच कुठेतरी चुकलंय."

मधलीने मान खाली घातली. सही करताना कोणी तिच्याबद्दल एवढं बोललं नव्हतं. आणि आज बोलला, तर ते तिने फसवून बोलवून घेतलं होतं.

"अहो," वहिनीने आतून हाक दिली, "कपाटं बांधायचीत ना?"

"आलो," थोरला म्हणाला, आणि टाकी उचलली.

त्याची बोटं वायरीवरून चालत गेली. रबरी टोपीशी आली. टोपी दाबली. थांबली. फिटरची बोटं ती, डोळ्यांपेक्षा जास्त बघणारी. त्याने मान वळवून मधलीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. ओरड, तिने मनात म्हटलं. घाल शिव्या, मी ऐकून घेते.

थोरल्याने टाकी जशी होती तशी खाली ठेवली.

"कार्ब्युरेटर उघड रे परत."

"ठिणगीच नाही तर कार्ब्युरेटर कशाला?"

"उघड म्हटलं ना. पेट्रोलचा जेट बघू."

धाकटा त्याच्याकडे वेड लागलं की काय असं बघत राहिला. मग मधलीकडे बघितलं. मग खाली बसून कार्ब्युरेटर सोडायला लागला. त्याला कळलं की नाही, देव जाणे. पण आधीच लख्ख असलेला तो जेट त्याने इतका सावकाश साफ केला, फुंकर मारून, उजेडाला धरून, पुन्हा फुंकर मारून, की आयुष्यात त्याने कुठलंच काम इतकं जपून केलं नसेल. थोरला शेजारी उकिडवा बसून एकेक भाग हातात घेत होता आणि बाबांनी डेपोत एकदा साहेबाची गाडी उलट्या गिअरमध्ये कशी जुळवून दिली होती ती गोष्ट सांगत होता. तिघांना पाठ होती. तिघंही ठरल्या ठिकाणी हसली.

ऊन भिंतीवरून उतरलं. वहिनीने हाक मारायची सोडून दिली होती. थोड्या वेळाने तिने मुकाट्याने अंगणातला दिवा लावला.

मग थोरला उठला. कमरेला हात देऊन उभा राहिला, टाकी उचलली, खाली हात घातला. टिक्. तेवढाच आवाज झाला. टाकी बसवून त्याने मधलीला खूण केली.

"मार किक."

"मी?"

"मग कोण? मी उद्या नाही, हा दिवसभर व्हॅनवर. इंजिन मागितलं होतंस ना? ने."

"चेसिसही ने," धाकटा म्हणाला.

"मला गाडी नकोय."

"मग काय हवंय तुला?" थोरल्याने विचारलं. चिडून नाही. खरंच विचारलं त्याने.

 काय सांगणार? तिने किक मारली.

पहिल्या किकला इंजिन खोकलं. दुसऱ्या किकला पेटलं. आधी अडखळत, धूर ओकत, मग दम सापडलेल्या माणसासारखं एकसारखं, खोल, जाड आवाजात. अंगणातली भांडी थरथरली. धाकट्याची पोरं धावत बाहेर आली, त्याच्या बायकोने त्यांना दारातच धरून ठेवलं. तिघांपैकी कोणीही गाडीवर बसलं नाही. तिघं उभी राहून नुसती ऐकत होती. थोरल्याने टाकीवर तळवा ठेवला, कंप अंगात घेतला, मग तोच काळा तळवा धाकट्याच्या मानेवर ठेवला, घट्ट, क्षणभर. आवाजात काही बोलला असेल तर ऐकू आलं नाही. मधलीच्या डोक्यावर टपली मारली. आणि वळून आपल्या शटरकडे चालू लागला.

त्याने गाडी बंद करायला सांगितली नाही. बंद केली असती तर शांतता झाली असती, आणि शांततेत काहीतरी बोलावं लागलं असतं. त्याने आत जाऊन शटर खाली ओढलं. पुरतं नाही.

"बंद करू?" धाकट्याने तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"नको."

"पेट्रोल संपेल."

"संपू दे."

शटरच्या खालच्या फटीतून उजेड येत होता. त्या उजेडात थोरल्याचे दोन पाय दिसत होते. आतल्या खोक्यांकडे वळलेले नव्हते. अंगणाकडे तोंड करून होते, आणि हलत नव्हते.